वीस घरांचं वाक्य

अबरारचा फोन आला तेव्हा ज्ञानेश नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानात एका वकिलाच्या कॉम्प्युटरचं पोट उघडून बसला होता. नऊ वर्षांनी कानावर आलेल्या त्या आवाजाने कसा आहेस, लग्न केलंस का, असलं काही विचारलं नाही. सरळ म्हणाला, "ज्ञान्या, तो आपला खेळ आहे का रे अजून?" कुठला ते ज्ञानेशला लगेच कळलं होतं, तरी तो उगाच म्हणाला, "कुठला?" "अरे, चप्पल बाहेर काढ रे, वाला." मग अबरार हसला आणि सांगत सुटला. मालेगावात सासऱ्यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते तो बघतो. इन्शा दहा वर्षांची झाली, शाळेत कॉम्प्युटर शिकते. परवा हा तिला म्हणाला की तुझ्या बापाने एकेकाळी अख्खा एक खेळ आपल्या भाषेत आणला होता, तर पोरगी म्हणाली, पप्पा, तुम्हाला माउस धरता येत नाही, तुम्ही काय गेम करणार. तिची आई, हुस्नबानो, तीही हसली. अबरारनेही हे सगळं हसतच सांगितलं, पण ते हसू मध्येच कुठेतरी संपलं आणि तो म्हणाला, "हसू दे रे, पोरगी आहे. पण एकदा दाखवायचंय तिला. आपण काय नुसतेच बेअरिंग विकायला जन्मलो का?" ज्ञानेश म्हणाला, "आहे ना. असणारच. दसऱ्यापर्यंत देतो." फोन ठेवला आणि बाहेर चौकातले हॉर्न एकदम वाढल्यासारखे वाटले. वकिलाच्या कॉम्प्युटरमधली धूळ त्याने फुंकरीने उडवली, ती सगळी त्याच्याच डोळ्यात गेली.

असणारच, असं तो कशाच्या जोरावर म्हणाला? त्याच्या खोलीत अशा चारशेवर खेळांचा संसार होता. आता हे वेड त्याला कसं लागलं ते विचारू नये, कोणी भांडी जमवतं, कोणी भांडणं, हा माणूस बंद पडलेले खेळ जमवायचा. ज्यांच्या कंपन्या बुडाल्या, ज्यांची खोकी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, ज्यांच्या मालकांनाही आपण कशाचे मालक आहोत ते आठवत नसेल, असे खेळ. जुन्या क्लासेसच्या माळ्यांवरून, भंगारवाल्यांच्या पोत्यांतून तो फ्लॉप्या आणायचा, पुसायचा, वाचायचा आणि इंटरनेटवर एका पोलंडच्या माणसाने उघडलेल्या जागी नेऊन ठेवायचा, कोणीही या, घ्या, खेळा. हे बरोबर की चूक, यावर त्याने कधी काळी पुष्कळ डोकं शिणवलं होतं. खेळ दुसऱ्याचा, वाटणारा हा कोण? पण दुकानच उठून गेलं तर घ्यायचं कोणाकडून, आणि घेणंच शक्य नाही तिथे चोरायचं तरी कसं, इथे येऊन तो थांबायचा आणि पुढची फ्लॉपी घालायचा. कोणत्या तरी गावाहून कोणीतरी लिहायचं, हा खेळ मी लहानपणी खेळायचो, पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यावर त्याचा आठवडा बरा जायचा. आणि गंमत बघा, ज्या खेळाबद्दल अबरार विचारत होता त्याची मूळ इंग्रजी प्रत त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने तिथे चढवली होती. स्वच्छ, एकही डाग नसलेली. आपली स्वतःची मात्र चढवावी असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तो खेळ वाचवायचा असतो, जुना होतो, हरवू शकतो, हे त्याला कधी वाटलंच नव्हतं. ती त्याला त्या दोघांची एक सुट्टी वाटत आली होती, आणि सुट्टी काय कोणी साठवून ठेवतं?

चौऱ्याण्णवचा उन्हाळा. गोरक्ष सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, जिथे दोघं शिकायचे, नवी यंत्रं आली आणि जुनं एक, ज्याला पोटात डिस्कसुद्धा नव्हती, फक्त मोठ्या लवचिक फ्लॉप्यांवर चालायचं, ते सरांनी दोघांना देऊन टाकलं. फुलं बाजारात उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून ते दोघं ते यंत्र ज्ञानेशच्या गावी, सायखेड्याला घेऊन गेले, अबरारने अख्ख्या वाटेत पडदा मांडीवर धरला होता. ज्ञानेशच्या घराच्या पडवीत ते बसलं आणि अबरार सुट्टीभर तिथेच राहिला. खेळ होता एका किल्ल्याचा. सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावर कोणीतरी अडवायचं, शेवटी आत म्हातारा राजा. सगळं इंग्रजीत, आणि क्लासमध्ये येणारी पोरं पहिल्याच दरवाजाशी काही न कळून मरायची. मग अबरारला एक हत्यार सापडलं, खेळाची फाइल उघडून आतली अक्षरं दाखवणारं. अक्षरं एकेका घरात बसलेली असायची. घर बदलायचं नाही, वाढवायचं नाही, कमी करायचं नाही, फक्त आतलं अक्षर काढून दुसरं ठेवायचं. एक अक्षर जरी जास्त झालं तरी अख्खा खेळ जागच्या जागी आडवा. म्हणजे इंग्रजी वाक्याला जेवढी घरं, तेवढ्यातच मराठी वाक्य बसवायचं, तेही इंग्रजी लिपीत. ज्ञानेशला भाषांतर जमायचं पण घरं पुरायची नाहीत. अबरारचं उलट होतं. तो भाषांतर करायचाच नाही. तो डोळे मिटायचा, बोटांवर घरं मोजायचा, आणि त्या मापाचं काहीतरी थेट सायखेड्याच्या वाटेवरून उचलून आणायचा. 'थांब, कोण आहे' असं दरडावणारा पहिला पहारेकरी म्हणायला लागला, 'चप्पल बाहेर काढ'. तीन घरं उरली म्हणून एक जागा सोडून 'रे'. कुलूपबंद दरवाजा म्हणायला लागला, 'आज सुट्टी उद्या येणे'. शेजारी ज्ञानेशची आई, सिंधुबाई, मोगऱ्याचे गजरे ओवत बसलेली असायची. प्रत्येक वाक्य अबरार तिला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ती न समजता हसली तरच ते पक्कं व्हायचं. सुट्टी संपल्यावर तो मराठी खेळ क्लासच्या पोरांच्या हाती गेला.

त्याच वर्षी दसऱ्याला विळे, कोयते, खुरपी धुऊन मांडली होती आणि अबरार मुद्दाम बसने आला होता. त्याने फ्लॉप्यांचा डबा आईपुढे ठेवला. "आई, ही आमची खुरपी. यांची पण पूजा करा." आईने डबा हातात घेऊन खालीवर बघितला. "याच्यानं काय खुरपतात?" "डोकं," अबरार म्हणाला. आईने डब्यावर एक झेंडू ठेवला होता. एवढं ज्ञानेशला आठवत होतं. पुढे काय झालं ते बघायला तो थांबला नव्हता. पुढच्या वर्षांत दसऱ्याला तो बहुतेक नाशिकलाच असायचा, गावी गेलाच तर सकाळी जायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत, कामाचा माणूस ना.

रविवारी तो सायखेड्याला गेला. पडवीत यंत्र नव्हतं, तिथे औषध फवारायचा पंप उभा होता. "ते ना?" आई म्हणाली. "ते भंगारात दिलं मागंच. तुझ्या भावाला म्हनलं, नेऊ दे, उंदरं राहायला लागली व्हती त्याच्यात." ज्ञानेशने घाईने विचारलं, "आणि डबा?" "डबा कसा देईन? पूजेतला हाय त्यो." ती आत गेली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून, शंखाच्या मागून, डबा काढून पदराने पुसत घेऊन आली. सुटला, असं वाटून त्याने झाकण उघडलं. मोठ्या काळ्या फ्लॉपीला मधोमध एक भोक असतं आणि त्याखाली एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. तिथेच सगळं लिहिलेलं असतं, तिथे बोट लावू नकोस, असं गोरक्ष सर पहिल्याच दिवशी बजावायचे. प्रत्येक फ्लॉपीच्या बरोबर त्या खिडकीत, तपकिरी चकतीवर, कुंकवाचा टिळा होता. एकावर एक, दरवर्षीचा, खपलीसारखा जाड. त्यात हळद, दोन अक्षता घट्ट रुतून बसलेल्या. "दर दसऱ्याला करती," आई म्हणाली. "आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मंग दुधाचं बोट, मंग कुकू. कपाळ कुठं त्याचं ते लय शोधलं. मंग ही उघडी जागा दिसली." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्याकडे बघून त्याने झाकण परत लावलं. "चालतंय ना?" तिने विचारलं. तो म्हणाला, "बघतो."

परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसल्यावर त्याला राग आला, आधी आईचा, मग अबरारचा, मग स्वतःचा, आणि प्रत्येक रागात काहीतरी कमी पडत होतं म्हणून तो पुढच्याकडे जात होता. दूध. दुधाचं बोट फिरवलं तिने. ज्या माणसाने चारशे परक्या खेळांना ओलाव्यापासून, बुरशीपासून जपलं त्याच्या आईने. पण चांदोरीच्या पुढे कुठेतरी, उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडली असताना, त्याच्या लक्षात आलं की कुंकू नसतं तर डबाच नसता. यंत्रासारखा तोही गेला असता भंगारात. ती आत काय आहे ते जपत नव्हती, तिला माहीतच नव्हतं आत काय असतं ते. पोराचं हत्यार आहे, एवढंच ती जपत होती. तो स्वतः आतलं सगळं जपायचा आणि डबे फेकून द्यायचा. या दोघांत कोण शहाणं, हे त्याला ठरवता येईना, आणि राग मात्र कुठल्या तरी थांब्यावर उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून दुपारी लवकर येऊन त्याने फ्लॉपीचं पाकीट एका बाजूने कापलं आणि आतली चकती बाहेर काढली. ती इतकी हलकी होती की बोटात धरलेली कळत नव्हती. कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून तो ती तळहातावर धुवायला लागला. कुंकू सुटायला लागलं, बादलीतलं पाणी गुलाबी झालं, मग लाल. अंगठ्याने न घासता, नुसतं पाणी फिरवत, बाळाचं डोकं धुतात तसं. अक्षता निघाल्या, त्यांच्या जागी पांढुरके ओरखडे राहिले. चकती वाळवून त्याने दुसऱ्या पाकिटात घातली आणि खोलीतल्या, फ्लॉप्या वाचायच्या जुन्या यंत्रात सरकवली. तो आवाज. खर्रर्र, थांब, खर्रर्र. अडलं की यंत्र मागे जायचं, पुन्हा त्याच जागेवर यायचं, पुन्हा खर्रर्र, आणि ज्ञानेशचे दात त्याच्यासोबत आवळले जायचे. एकेक करून सगळ्याच चकत्या त्याने अशा धुतल्या, आणि बहुतेक सगळं वाचलं गेलं. एक तुकडा मात्र काही केल्या आला नाही. वीसदा फिरवून, चकती पुन्हा धुऊन, यंत्राचं वाचायचं डोकं पुसूनही नाही. त्या तुकड्याच्या जागी त्याने स्वतःच्या स्वच्छ इंग्रजी प्रतीतला तुकडा चिकटवला. घरं तेवढीच, त्यामुळे तो बरोबर बसला. खेळ सुरू झाला. पहारेकऱ्याने चपला बाहेर काढायला सांगितल्या तेव्हा ज्ञानेश एकटाच मोठ्याने हसला. मग दुसऱ्या दरवाजाशी तो मेला, आणि पडद्यावर आलं, 'यू डाइड. ट्राय अगेन?' इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागांसकट, वीस घरं. गेलेला तुकडा तोच होता, मेल्यावर दिसणारा.

त्याने अबरारला फोन लावला. बाकी सगळी वाक्यं वाचून दाखवली, आणि अबरार प्रत्येकाला "अरे हो" म्हणत राहिला, एकदा तर फोन बाजूला धरून त्याने इन्शाला हाक मारली. "आणि मेल्यावरचं काय होतं रे?" ज्ञानेशने विचारलं. "मेल्यावरचं," अबरार म्हणाला, "पोरं हसायची. मुद्दाम मरायची, ते वाचायला. एवढं आठवतं." "तूच लिहिलं होतंस." "मीच असेन. पण नाही आठवत यार." मग हळू आवाजात, "ज्ञान्या, ती पोरगी पहिल्यांदाच खेळणार. सारखी मरणारच ना ती. सगळ्यात जास्त तेच वाचणार, आणि तेच इंग्रजीत? मग म्हणेल, हे तर कोणी दुसऱ्याने केलंय." ज्ञानेश म्हणाला, नवीन काहीतरी बसवू. अबरार म्हणाला, "बसव. पण ते आत्ताचं असेल. तेव्हाचं नसेल."

चार दिवस तो त्या वीस घरांत राहिला. दुकानात स्क्रू फिरवताना, टपरीवर चहा पिताना, द्वारकेला रस्ता ओलांडताना, डाव्या हाताची बोटं आपोआप उघडमीट व्हायची. पोरांचं हसणं त्याला लख्ख ऐकू येत होतं, क्लासच्या त्या गालिच्यावर अनवाणी बसलेली पोरं, पंख्याखाली उडणारा खिडकीचा पडदा, कोणीतरी मेला की सगळ्यांचं एकदम होणारं 'आऽऽ', आणि मग एका सुरात काहीतरी ओरडणं. तो सूरसुद्धा आठवत होता, शेवटी जरा ओढलेला. शब्द तेवढे नव्हते. परक्या लोकांच्या हजारो आठवणी त्यांना परत करणारा माणूस, आणि स्वतःच्या तोंडातला घास सापडत नाही. काहीतरी विनोदी असणार, अबरारचं म्हणजे खवचट असणार, असं धरून तो शोधत होता. मेलास रे बाबा. गेला बिचारा. कशात घरं उरायची, कशात अबरार नसायचा. दिवसभर तो चिडचिडा झाला होता, आणि का ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

खंडेनवमीला तो गावी गेला, या खेपेला मुक्कामाला. झेंडू तोडणीला माणसं कमी होती. दिवसभर वाकून हात काळेपिवळे झाले, कमरेचा काटा ढिला झाला. संध्याकाळी आईने ओट्यावर विळे, खुरपी धुऊन मांडली आणि म्हणाली, "ते तुझं दे. पुसून ठेवती." त्याने पिशवीतून डबा काढून दिला. पाकिटं तीच होती, रिकामी. तिने पहिलं हातात घेतलं आणि लगेच थांबली. इतक्या वर्षांच्या हाताला कळणारच. पाकिटाच्या खिडकीतून पलीकडची तिची साडी दिसत होती. "आतलं कुठं गेलं?" तिने विचारलं. मग त्याला सांगावं लागलं. शक्य तेवढं सोपं करून, आवाज हलका ठेवून त्याने सांगितलं की लिहिलेलं त्या उघड्या जागेतच असतं, कुंकवाने थोडं पुसलं गेलं, फार नाही, एकच वाक्य. ती ऐकत राहिली. "म्हंजी मी घालवलं," ती म्हणाली. "नाही आई, तुझ्यामुळेच तर राहिलं. बाकीचं सगळं राहिलं." "एक तर गेलं ना." तिने पाकिटं पुन्हा डब्यात ठेवली, डबा विळ्यांच्या रांगेत न ठेवता बाजूला ठेवला, आणि कुंकवाचा करंडा उगाचच मिटून परत उघडला. त्याला वाटलं, सांगायला नको होतं. मग वाटलं, न सांगता तिने रिकाम्या पाकिटाला टिळा लावला असता ते आपल्याला बघवलं असतं का? पडवीत अंथरूण टाकून तो पडला आणि थकव्याने लगेच झोपला.

दसऱ्याच्या सकाळी भाऊ झेंडूचा टेम्पो घेऊन केव्हाच गेला होता. झोपेत ज्ञानेशला झेंडूचा उग्र वास येत होता, कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज, आणि मग पायाला धरून कोणीतरी हलवलं. "उठ रे, ऊन आलं दारात," आई म्हणाली आणि निघून गेली. तो तसाच पडून राहिला. काय हललं ते आधी कळलं नाही. शेवटचं 'दारात' तिने जरा ओढलं होतं. पांघरुणाच्या आत त्याची बोटं आपली आपण मोजायला लागली, इंग्रजी लिपीत, एकेक घर. मध्ये स्वल्पविराम हवा होता, त्याला जागा नव्हती, तो अबरारने गाळला असणार. वीस. एकही घर उरलं नाही. त्या उन्हाळ्यात पहाटे मोगरा तोडून आल्यावर ती दोघांना असंच उठवायची, आधी याला, मग अबरारला, आणि अबरार डोकं पांघरुणात घालून म्हणायचा, मी मेलोय आई. म्हणून पोरं हसायची. मेलेल्या माणसाला दारात उभं राहून कोणाची तरी आई उठवत होती.

तो उठला, फोन घेऊन ओट्यावर गेला. आई विळ्यांना टिळे लावत होती, त्याच्याकडे न बघता. डबा अजून बाजूलाच होता. त्याने मालेगावला फोन लावला, अबरारचा झोपाळू आवाज येताच फोन तिच्या कानाशी धरला. "कोन हाय?" "अबरार आहे. झोपलाय. त्याला उठव." तिने ज्ञानेशकडे बघितलं, याला काय झालं अशा नजरेने, मग कुंकवाचं बोट फोनला लागू नये म्हणून हात लांब धरून, दूरच्या माणसाला हाक घालावी तशी मोठ्याने म्हणाली, "अबरार, उठ रे, ऊन आलं दारात."

आईला वाटलं, फोन कट झाला. ज्ञानेशने तो आपल्या कानाला लावला. अबरार तोंडातल्या तोंडात मोजत होता. विसाव्या घराशी तो थांबला, आणि मग त्याने इन्शाला उठवायला हाक मारली.